कापसाचा काटा, मोबाईलवरची बदनामी आणि एका वर्षाची मुदत

चोपडा तालुक्यात खेडा खरेदीने, म्हणजे गावातच थेट शेतकऱ्यांकडून, कापूस घेणाऱ्या एका व्यापाऱ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळीनंतरच्या आठवड्यात गावातील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने त्यांचा वजनकाट्याजवळ उभा असलेला फोटो टाकला आणि खाली अहिराणीत 'हाऊ काटा मारस', म्हणजे हा वजनात फसवतो, एवढेच लिहिले. लिहिणारा मूळचा त्याच गावचा, पण सध्या सुरतेला उधन्यात राहणारा. दोन दिवसांत तोच फोटो फेसबुकवर आला, अनेकांनी तो शेअर केला आणि त्यांतले एक खाते बनावट नावाचे असावे असा त्यांना संशय आहे. पुढे एका स्थानिक यूट्यूब चॅनेलने दोन शेतकऱ्यांच्या मुलाखतींसह व्हिडिओ प्रसारित केला आणि तो काढून टाकायचा असेल तर 'जाहिरात द्या' असा निरोपही पाठवला. पोलिसांनी अदखलपात्र नोंद करून न्यायालयात जाण्यास सांगितले. मधल्या काळात त्यांच्या पुतण्याने संतापाच्या भरात ग्रुपवर मूळ लिहिणाऱ्याच्या दारूविषयी आणि घरातील भांडणांविषयी चार ओळी लिहिल्या. या सर्वाला आठ महिने झाले आहेत. मूळ लिहिणारा, पुढे पाठवणारे, ग्रुपचा ॲडमिन, चॅनेल आणि फेसबुक यांपैकी कोणावर काय कारवाई होऊ शकते, असे त्यांनी विचारले आहे.

आपल्या संपूर्ण प्रश्नातील माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे शब्द 'आठ महिने' हे आहेत, म्हणून उत्तराची सुरुवात तेथूनच करतो. बदनामीबद्दल नुकसानभरपाई मागण्याचा दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुसूचीतील अनुच्छेद ७५ तसे सांगतो. अपिलाला उशीर झाला तर कारण दाखवून तो माफ करून घेता येतो, पण मूळ दाव्याला ती सोय नाही. वकिलामार्फत नोटीस पाठवल्याने ही मुदत थांबत नाही, पोलिसांकडे अर्ज दिल्यानेही थांबत नाही, आणि गावातील चार जाणत्या माणसांनी मध्यस्थी सुरू केली म्हणून तर मुळीच थांबत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा पक्षकारांपैकी बरेच जण तेराव्या-चौदाव्या महिन्यात येतात, कारण पहिले वर्ष नोटीस, नोटिशीला उत्तर, त्या उत्तराला पुन्हा उत्तर आणि 'बसून मिटवू' यात गेलेले असते. आपल्या हातात चार महिने आहेत. फौजदारी बाजूस मुदत अधिक आहे, कारण या गुन्ह्याची शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षांची असल्याने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ५१४ नुसार तीन वर्षांच्या आत न्यायालयाला दखल घेता येते. तथापि तीन वर्षे आहेत म्हणून थांबण्यात शहाणपण नाही, कारण पुरावा इतका काळ टिकत नाही.

यावर सर्वसाधारणपणे असे विचारले जाते की, फेसबुकवरील मजकूर तर आजही दिसतो आहे, मग मुदत रोज नव्याने सुरू होत नाही काय. हा वाद इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुना आहे. इंग्लंडमध्ये १८३० साली एका साप्ताहिकात ड्यूक ऑफ ब्रन्सविक यांच्याविरुद्ध मजकूर छापून आला. सतरा वर्षांनंतर त्यांनी माणूस पाठवून त्याच अंकाची एक जुनी प्रत विकत आणवली, आणि ती विक्री म्हणजे नवी प्रसिद्धी असे १८४९ मध्ये न्यायालयाने मानले. हा नियम इंटरनेटला जसाच्या तसा लावला, तर मजकूर उघडणाऱ्या प्रत्येक वाचकाबरोबर नवी मुदत सुरू होईल आणि मुदतीच्या कायद्याला काही अर्थच उरणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने खावर बट विरुद्ध आसिफ नझीर मीर या २०१३ च्या निकालात, फेसबुकवरील मजकुराच्याच संदर्भात, मुदत पहिल्या प्रसिद्धीपासून मोजायची अशी भूमिका घेतली. तो निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नसला तरी त्यातील विचार पटण्याजोगा आहे, आणि प्रतिवादीचा वकील तो पहिल्याच तारखेला पुढे करील हे गृहीत धरावे. दुसऱ्या व्यक्तीने तोच फोटो नव्याने टाकला किंवा चॅनेलने त्यावर स्वतंत्र व्हिडिओ केला, तर ती त्या व्यक्तीची स्वतंत्र प्रसिद्धी होय आणि तिची मुदत तिच्या तारखेपासून चालते. तरीही मी आपल्याला ग्रुपवरील पहिल्या मेसेजची तारीख धरूनच चालण्याचा सल्ला देईन.

आता मूळ कायद्याकडे येतो. इंटरनेटवरील बदनामीसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना भारतीय दंड संहितेची कलमे ४९९ व ५०० लागू होत. त्यानंतरच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ लागू होते. व्याख्या जवळजवळ तीच आहे, शिक्षेत मात्र साधा कारावास किंवा दंड यांच्या जोडीला समाजसेवेचा पर्याय आला आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ, म्हणजे आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दलचे कलम, लावा, असा आग्रह धरणारे पक्षकार अजूनही येतात. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल प्रकरणात २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले आहे आणि ते परत आलेले नाही. फौजदारी बदनामीची तरतूद मात्र सुब्रमण्यम स्वामी विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात घटनात्मक ठरली, आणि माणसाची प्रतिष्ठा हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे त्या निकालात म्हटले आहे.

या कलमाखाली गुन्हा होण्यासाठी आरोप असावा लागतो, तो तुमच्याविषयी आहे हे कळावे लागते, तो तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचावा लागतो आणि त्यामागे तुमच्या लौकिकास बाध आणण्याचा हेतू, किंवा बाध येईल याची जाणीव असावी लागते. एखाद्याने केवळ तुम्हाला एकट्याला मेसेज करून शिवीगाळ केली, तर ती बदनामी होत नाही. तिसऱ्याने वाचलेच नाही, तर लौकिक कोणाच्या नजरेतून उतरला? शिवी आणि बदनामी यांत आपल्याकडे फार गल्लत होते. 'माजला आहे', 'उद्धट आहे', 'भाव पाडून मागतो' ही मते किंवा राग झाला, आणि अशा वाक्यांवर फिर्याद उभी करण्याचा प्रयत्न मी सहसा करू देत नाही. 'काटा मारतो' हे मात्र मत नव्हे. मापात पाप करतो, म्हणजे वजनात फसवतो, हा नेमका वस्तुस्थितीचा आरोप आहे, आणि व्यापाऱ्याच्या बाबतीत तो त्याच्या धंद्यावर आणि बाजारातील पत-प्रतिष्ठेवर थेट घाव घालतो. कलमाच्या स्पष्टीकरणात नैतिक दर्जा, जात, व्यवसाय आणि पत यांचा उल्लेख आहे, हे आपल्या उपयोगाचे आहे.

तीन शब्दांच्या त्या ओळीविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. आपल्या भागात 'काटा मारणे' म्हणजे काय, हे बैलगाडीने कापूस आणणाऱ्या कोणालाही विचारावे लागत नाही. पण न्यायाधीश महाराष्ट्राच्या कोणत्याही भागातून आलेले असू शकतात आणि प्रकरण वर गेले की ते इंग्रजीत वाचले जाते. अहिराणी ओळीचे शब्दशः भाषांतर 'हा काटा मारतो' असे करून दिल्यास वरच्या न्यायालयात त्याचा विचित्र अर्थ लागण्याची शक्यता आहे. म्हणून फिर्यादीत मूळ अहिराणी शब्द जसेच्या तसे द्यावेत, प्रमाण मराठीत त्यांचा अर्थ लिहावा, आणि ग्रुपमधील किमान एका सभासदाने शपथेवर सांगावे की, ही ओळ वाचून मला असे वाटले की हे गृहस्थ वजनात फसवतात. असा साक्षीदार नसल्यामुळे फिर्यादी हरलेल्या मी पाहिल्या आहेत. माझी बदनामी झाली असे स्वतः फिर्यादीने सांगणे पुरत नाही. ज्याच्या मनात त्याची किंमत कमी झाली, असा कोणीतरी समोर यावा लागतो.

यूट्यूबवरील व्हिडिओत आपले नाव घेतले आहे किंवा आपला काटा, गोदाम, गाडी ओळखू येते, अशी खात्री करून घ्या. 'कापूस व्यापारी शेतकऱ्यांना लुटतात' इतकेच सर्वसाधारण विधान असेल, तर कोणा एका व्यापाऱ्याला फिर्याद करता येणार नाही. अनिश्चित समूहाविषयीच्या विधानावर समूहातील एकट्याला तक्रार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जी. नरसिंहन विरुद्ध टी. व्ही. चोक्कप्पा या प्रकरणात १९७२ सालीच सांगितले आहे.

आता समोरची बाजू पाहू. तिचा विचार दावा दाखल करण्यापूर्वी केला नाही, तर नंतर उलटतपासात तो करावा लागतो. कलम ३५६ ला दहा अपवाद आहेत. पहिल्या अपवादानुसार आरोप खरा असून तो प्रसिद्ध करणे लोकहिताचे असेल तर गुन्हा होत नाही. फौजदारीत केवळ खरेपणा पुरत नाही, लोकहितही दाखवावे लागते, तर दिवाणी दाव्यात खरेपणा हाच पुरेसा बचाव असतो. शेतकऱ्यांना फसवणाऱ्या काट्याची माहिती देणे लोकहिताचे आहे, हे कोणतेही न्यायालय सहज मान्य करील. त्यामुळे आपल्या प्रकरणाचा निकाल 'खरे की खोटे' यावरच लागणार, आणि पहिला प्रश्न असा येणार की, त्या दिवशी काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा, म्हणजे वजने-मापे तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, चालू शिक्का होता काय. पडताळणीचे प्रमाणपत्र मुदतीत होते काय, वजनाच्या चिठ्ठ्यांच्या स्थळप्रती आहेत काय, ओलाव्यापोटी केलेली कपात चिठ्ठीवर लिहिलेली आहे की तोंडी आहे, हे मला आधी सांगा. अनेकदा भांडण काट्याचे नसते, कपातीचे असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने क्विंटलमागे दोन किलो गेले म्हणजे काटाच मारला. हा फरक कागदावर दाखवता आला तर आपली बाजू भक्कम होते, दाखवता आला नाही तर मी आपल्याला फिर्यादीपेक्षा ग्रुपवर सविस्तर खुलासा करण्याचाच सल्ला देईन.

नवव्या अपवादात स्वतःच्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावाने केलेला आरोप येतो, आणि सद्भाव म्हणजे निव्वळ चांगला हेतू नव्हे; योग्य ती काळजी व सावधगिरी घेतलेली असली पाहिजे. उधन्यात बसून, स्वतः काट्याजवळ उभे न राहता, कोणाच्या तरी सांगण्यावरून ओळ टाकणाऱ्याला ही काळजी सिद्ध करणे जड जाईल. याउलट एखाद्या शेतकऱ्याने बाजार समितीकडे किंवा वैधमापन निरीक्षकांकडे लेखी तक्रार दिली असेल, तर त्या शेतकऱ्याच्या मागे लागू नका. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावाने केलेली तक्रार आठव्या अपवादात येते आणि तिथे फिर्याद टिकत नाही. तोच अर्ज फोटो काढून सगळ्यांच्या माहितीसाठी ग्रुपवर टाकला गेला, तर मात्र ते संरक्षण त्याच्यामागे जसेच्या तसे जात नाही.

कोणाकोणाला जबाबदार धरता येईल, याविषयी. मूळ लिहिणाऱ्याबद्दल शंका नाही. पुढे पाठवणाऱ्यांबद्दल 'आम्ही लिहिलेच नाही' हा बचाव आता कमजोर झाला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२४ च्या निकालात, दुसऱ्याचा बदनामीकारक मजकूर स्वतःच्या खात्यावरून पुन्हा प्रसारित करणे ही प्रथमदर्शनी प्रसिद्धीच होय, असे मत दिले. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. तत्त्व म्हणून मला ते बरोबर वाटते, पण व्यवहारात मी चाळीस जणांना आरोपी करण्याच्या विरोधात आहे. प्रत्येक आरोपीला समन्स बजावावे लागते, एक गैरहजर राहिला की तारीख पडते, आणि चाळीसपैकी पंधरा जण आपल्याच गिऱ्हाईकांतले असतात. ज्यांनी केवळ फोटो पुढे ढकलला त्यांना सोडा; ज्यांनी स्वतःची भर घालून लिहिले, असे दोघे-तिघे निवडा.

ॲडमिनवर राग धरू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने किशोर तरोणे प्रकरणात २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की, सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन असल्याखेरीज, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी जबाबदार ठरत नाही. त्याच्या हाती माणसे घेणे आणि काढणे असते, पण मजकूर आधी तपासण्याची सोय नसते. ते प्रकरण बदनामीच्या कलमाखालचे नव्हते, तथापि तर्क तोच लागतो.

चॅनेलची गोष्ट निराळी आहे. मुलाखत देणारा, ती घेणारा आणि प्रसारित करणारा, हे तिघेही प्रसिद्धीला जबाबदार असतात. शिवाय 'जाहिरात द्या म्हणजे काढतो' हा निरोप फोनवर आला की मेसेजवर, हे मला महत्त्वाचे आहे. बदनामीची धमकी देऊन पैसे मागणे हा खंडणीचा प्रकार ठरू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली तो दखलपात्र आहे आणि तिथे पोलिसांना स्वतः तपास करता येतो. बदनामीसाठी त्यांनी अदखलपात्र नोंद करून आपल्याला परत पाठवले, यात त्यांची चूक नव्हती. हा निरोप त्या वेळी त्यांना दाखवला होता की नाही, ते मात्र कळवा. 'त्याचा फोन आला होता' एवढ्यावर मी पोलीस ठाण्यात जाणार नाही. लेखी मेसेज किंवा ध्वनिमुद्रण असेल तर जरूर जाऊ.

फेसबुक किंवा यूट्यूबविरुद्ध नुकसानभरपाई मागण्याचा मोह टाळावा. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७९ नुसार मध्यस्थ कंपनीला दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरापासून संरक्षण आहे, आणि ते संरक्षण कधी सुटते हे श्रेया सिंघल निकालाने ठरवले आहे: न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना मिळूनही मजकूर काढला नाही तर. आपण पाठवलेले पत्र म्हणजे कायद्याला अपेक्षित असलेली 'जाणीव' नव्हे. गुगल इंडिया विरुद्ध विसाका इंडस्ट्रीज या २०१९ च्या निकालात कंपनीला खटल्यातून सूट मिळाली नाही, असा दाखला काही जण देतात. पण ते प्रकरण २००८ मधील मजकुराचे, म्हणजे कलम ७९ चे सध्याचे रूप २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू होण्यापूर्वीचे होते. त्यातच याच अधिनियमाखाली मध्यस्थ कंपन्यांसाठी केलेल्या २०२१ च्या नियमांतून 'बदनामीकारक' हा शब्द ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने वगळला गेला, कारण मजकूर बदनामीकारक आहे की नाही हे कंपनीने नव्हे तर न्यायालयाने ठरवावे, अशी भूमिका शासनाने घेतली. म्हणून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार अवश्य करा, तिचा क्रमांक जपून ठेवा, पण मजकूर निघेल तो बहुधा न्यायालयाच्या आदेशानेच.

तसा आदेश मिळवण्यासाठी दाव्यासोबत तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज द्यावा लागतो, आणि दाव्यात कंपनीला केवळ आदेशाच्या अंमलबजावणीपुरते प्रतिवादी करावे. प्रत्येक दुव्याचा संपूर्ण पत्ता अर्जात असलाच पाहिजे. 'फेसबुकवरील सर्व बदनामीकारक मजकूर काढावा' अशी मागणी कोणी अंमलात आणू शकत नाही. ब्लूमबर्ग विरुद्ध झी या मार्च २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, दुसऱ्या बाजूस न ऐकता बातम्यांवर बंदी घालणारे आदेश यांत्रिकपणे देऊ नयेत, असे खालच्या न्यायालयांना बजावले आहे, त्यामुळे पहिल्या तारखेलाच हुकूम मिळेल असे मी आश्वासन देणार नाही. बनावट खात्यामागचा माणूस माहीत नसेल तर दावा 'अशोक कुमार' या काल्पनिक नावाने अज्ञात प्रतिवादीविरुद्ध दाखल करून, खात्याचा तपशील देण्याचा आदेश कंपनीला करण्याची विनंती करता येते. खाते बंद केल्यानंतर नोंदणीची माहिती १८० दिवस जपण्याचे बंधन नियमांत आहे. आठ महिन्यांपूर्वी ते खाते बंद झाले असेल, तर ही वाट आपल्यासाठी कदाचित बुजली असेल.

पुराव्याविषयी मी जरा जास्त लिहितो. गेल्या वर्षी माझ्या कार्यालयात एक गृहस्थ आले. त्यांच्या मोबाईलमध्ये सोळा स्क्रीनशॉट होते. एकावरही तारीख दिसत नव्हती, कारण त्यांच्या मुलाने प्रत्येक चित्र 'वाचायला सोपे व्हावे' म्हणून कापून मोठे केले होते. ग्रुप उघडून पाहावा म्हटले, तर रागाच्या भरात ते ग्रुपमधून बाहेर पडले होते आणि संपूर्ण चॅट पुसून टाकले होते. ज्या हँडसेटवर मेसेज आले होते, तो दसऱ्याला एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेतला होता. मजकूर अत्यंत गंभीर होता, सगळ्या गावाने वाचला होता, आणि न्यायालयात ठेवण्यासारखे आमच्याकडे काहीही नव्हते.

भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करताना प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग असतात: एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने सही केलेला, दुसरा तज्ज्ञाने सही केलेला, आणि त्यात नोंदीची हॅश किंमत लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलचा बोटांचा ठसा समजा. फाईलमधील एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. जुन्या कायद्यातील अशाच प्रमाणपत्राची सक्ती अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या २०२० च्या निकालात पक्की झाली, आणि तो वाद आपल्या शेजारच्याच जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीचा होता. त्याच निकालात एक सवलतही आहे: मूळ उपकरण त्याच्या मालकाने साक्षीदार म्हणून उभे राहून न्यायालयात हजर केले, तर प्रमाणपत्राची गरज उरत नाही. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, तो हँडसेट बदलू नका, विकू नका, दुरुस्तीला देऊन 'रिसेट' करू देऊ नका, आणि ग्रुपमधून बाहेर पडू नका. ग्रुपमधील संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा. व्हिडिओ डाउनलोड करा, तसेच त्याच्या पानाचा पूर्ण पत्ता, प्रसारणाची तारीख आणि प्रेक्षकसंख्या दिसेल असा अखंड स्क्रीनशॉट घ्या. ज्या नातेवाइकाने तो मेसेज स्वतःच्या फोनवर पाहिला, त्याचाही फोन तसाच राहू द्या. लिहिणाऱ्याचा मोबाईल क्रमांक ग्रुपमध्ये आजही त्याच्या नावाने आहे, याची नोंद करा. उद्या तो 'हा क्रमांक माझा नव्हेच' असे म्हणणार.

तो सुरतेला असला तरी न्यायालय आपलेच. मजकूर चोपडा तालुक्यात वाचला गेला, लौकिक तेथे दुखावला, म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ नुसार दावा चोपड्याला दाखल करता येतो. फौजदारी फिर्याद बाधित व्यक्तीनेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मुळे, दखल घेण्यापूर्वीच संभाव्य आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि आरोपी न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहत असल्याने समन्स काढण्यापूर्वीची कलम २२५ खालील चौकशीही टळत नाही. याचा अर्थ समन्स निघेपर्यंतच काही महिने जातील.

भरपाईच्या रकमेबद्दल आपण 'एक कोटी' लिहिले आहे. नोटिशीत कोटी लिहायला शाई तेवढीच लागते, पण दाव्यात मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते. मागील आणि यंदाच्या हंगामातील खरेदीचे आकडे, जीएसटीची विवरणपत्रे आणि कापूस दुसरीकडे वळवणाऱ्या दोन शेतकऱ्यांची साक्ष यांतून जेवढे नुकसान दिसते तेवढेच मागावे.

राहिला आपला पुतण्या, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. त्या माणसाने काट्याविषयी केलेल्या आरोपाला लोकहिताचा काही तरी आधार शोधता येईल. पुतण्याने लिहिलेल्या दारूच्या आणि घरातील भांडणाच्या ओळींना कोणताही अपवाद लागू होत नाही, आणि त्यातील मजकूर त्याच्या पत्नीविषयीही असेल तर तिला स्वतंत्रपणे फिर्याद करता येईल. त्याने आधी सुरुवात केली, हा कलम ३५६ खाली बचाव नाही. आपण फिर्याद दाखल करताच उलट फिर्याद येणार, हे निश्चित समजा. व्हॉट्सॲपवरील जुना मेसेज आता सर्वांसाठी पुसता येत नाही; म्हणून पुतण्याने त्याच ग्रुपवर, काकांचे, म्हणजे आपले, नाव न आणता आणि 'पण' हा शब्द न वापरता, त्या ओळी मागे घेत असल्याचे आणि दिलगीर असल्याचे दोन वाक्यांत लिहावे. ते वाचूनही समोरचा निवळू शकतो. हा गुन्हा तडजोडपात्र आहे, आणि माझ्याकडील निम्म्याहून अधिक प्रकरणे ग्रुपवरील जाहीर माफीवरच मिटली आहेत.

येताना हँडसेट, काट्याचे पडताळणी प्रमाणपत्र, त्या आठवड्यातील वजनाच्या चिठ्ठ्या आणि पहिल्या मेसेजची अचूक तारीख आणा. चिठ्ठ्या सापडल्या नाहीत तर तसे फोनवरच सांगा. मग दाव्याचा मसुदा नव्हे, ग्रुपवर टाकायचा खुलासाच आपण आधी लिहू.